गड्ड्यानंतरचं होमस्कूलिंग: घड्याळाचं वेळापत्रक की विषयांची रांग?

दिवाळीपर्यंत सुरळीत चाललेला घरचा अभ्यास जानेवारीत का विस्कटतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. सिद्धेश्वर यात्रेतला तैलाभिषेक, अक्षता, होम आणि मग होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. पाहुणे गेले की घरात विषय निघतो: रूटीन बदलायचं, पण कसं?

साधारण दोन पर्याय असतात. पहिला घड्याळाचा: नऊला गणित, दहाला मराठी, अकराला विज्ञान. दुसरा रांगेचा: विषयांचा क्रम ठरलेला, वेळ नाही. आज इतिहासापर्यंत पोचलो, तर उद्या भूगोलापासून पुढे.

दिवस बुडाला की दोन्हींतला फरक कळतो. वेळापत्रकात सोमवार गेला म्हणजे सोमवारचे विषय गेले. त्यात आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आधी भरणं, मग बाकीचं. पाण्याची वेळ सकाळची असेल तर सकाळचाच विषय पुन्हापुन्हा मागे पडतो. रांगेत काही बुडत नाही, नुसतं पुढे सरकतं. मुलांच्या डोक्यावर बॅकलॉग नाही आणि आईबाबांची चिडचिडही कमी. या दुसऱ्या फायद्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण माझ्या लेखी तोच मोठा.

रांगेची खोडही आहे. नावडता विषय पुढे आला की ती मुद्दाम रेंगाळते. शिवाय गणिताला ती मानवत नाही; चार दिवसांनी नंबर लागला तर भागाकार पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी रांगच निवडेन, फक्त गणित आणि वाचन रोज सकाळी, ठरल्या वेळी. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) दहावी एप्रिल-मेमध्ये द्यायची असेल तर मात्र घड्याळ हवं, कारण सलग बसून लिहायची सवय रांगेतून लागत नाही. तरी धास्तीने रोज सात-आठ तास लादू नका. तिथली नोंदणी पाच वर्षं चालते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परीक्षा असते आणि सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही.

उन्हाळ्याचाही हिशेब आत्ताच करा. मार्चपासून दुपारी मूल लिहायला बसत नाही. शाळासुद्धा सकाळच्या होतात. रांगवाल्यांनी सातला सुरुवात केली की काम झालं. घड्याळवाल्यांना अख्खा तक्ता नव्याने मांडावा लागतो, तो फेब्रुवारीतच मांडलेला बरा.

एक वेळ मात्र दोन्ही पद्धतींत पक्की ठेवा, संध्याकाळच्या खेळाची. गल्लीतली मुलं शाळेतून आल्यावरच भेटतात, आणि त्यांनाही पुढे क्लास असतो.