एकच जीपीएस आणि कामं चार: ८ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षीपर्यंत माझ्या ड्रोनच्या ग्राऊंड स्टेशनला (गाडीतून ड्रोन सांभाळायचा सेटअप) तीन जीपीएस लटकलेले असायचे. एक लॅपटॉपला, एक अँटेना ट्रॅकरला (अँटेना ड्रोनकडे वळवत ठेवणारं यंत्र) आणि तिसरा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला वेळ द्यायला, कारण शेतात नेट नसतं आणि पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळच नाही, बंद करून चालू केला की लॉगवर भलतीच तारीख. बोलेरोच्या टपावर तीन चुंबकी पक (वायरवाल्या जीपीएसच्या चकत्या) आणि आत वायरींचं जंजाळ. मदतीला येणारा पोरगा म्हणायचा, "दादा, ड्रोन उडवायचाय का केबलचं दुकान टाकायचंय?" म्हटलं बास, एकाच पकवर सगळं चालवून बघू.

पहिली अडचण सगळ्यांना येते तीच. विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमने जीपीएसचा कॉम पोर्ट (ज्यातून डेटा येतो तो) उघडला की दुसऱ्याला मिळत नाही, विषय संपला. लिनक्स अडवत नाही पण ते जास्त वाईट, दोघं एकच पोर्ट वाचायला लागले की ओळीचे काही बाईट्स याला काही त्याला, चेकसम (ओळ बरोबर आली का ते तपासणारा आकडा) जुळत नाही आणि आपण उगाच जीपीएसला शिव्या घालत बसतो. यावर सरळ उपाय म्हणजे जीपीएसडी, एका जीपीएसचा डेटा सगळ्यांना वाटणारा प्रोग्रॅम. पोर्ट एकटा जीपीएसडी धरतो आणि बाकीचे सगळे २९४७ नंबरच्या नेटवर्क पोर्टवर त्याच्याकडून घेतात. पायवरचा क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) त्याच्याकडून वेळ घेतो, ट्रॅकरची माझी पायथन स्क्रिप्ट पोझिशन घेते, आणि जीपीएसडीच्याच जीपीएसपाईपमधून निघालेली एनएमईए (जीपीएसच्या साध्या मजकुराच्या ओळी) मी यूडीपीने म्हणजे नेटवर्कवरून लॅपटॉपला पाठवतो. लॅपटॉपवरच्या क्यूग्राऊंडकंट्रोलमध्ये (क्यूजीसी, ड्रोन सांभाळायचं सॉफ्टवेअर) जीपीएस डिव्हाईसच्या जागी यूडीपी निवडलं की ते १४४०१ नंबरच्या पोर्टवर ऐकतं, नकाशावर आपला ठिपका हजर.

लिहिताना सोपं वाटतंय पण दोन संध्याकाळी गेल्या. एक मोडेममॅनेजरमुळे, तो नवीन यूएसबी पोर्ट दिसला की मोडेम समजून त्यात नाक खुपसतो, काढून टाकला. दुसरी गेली कारण जीपीएसडी बाहेरच्या मशीनला उत्तरच देत नव्हता. त्यासाठी जो फ्लॅग (चालू करताना द्यायचा पर्याय) आहे तो टाकला तरी ढिम्म, शेवटी कळलं की लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सॉकेट फाईलमध्येच फक्त लोकलहोस्ट (म्हणजे तेच मशीन) लिहिलेलं असतं, ती बदलल्याशिवाय फ्लॅगला कोण विचारतोय! आणि एन फ्लॅग विसरू नका, नाहीतर कोणी क्लायंट येईपर्यंत जीपीएसडी झोपून राहतो आणि घड्याळ जुळत नाही. यूएसबी पकवर सहसा पीपीएस (दर सेकंदाचा अचूक ठोका) नसतो म्हणून वेळ मायक्रोसेकंदात वगैरे येत नाही, पण लॉग आणि फोटो जुळवायला चालून जातं.

हे सगळं जमल्यावर मला हाव सुटली. आरटीकेसाठी (जमिनीवरच्या बेसकडून करेक्शन पाठवून ड्रोनची जागा अचूक काढायची पद्धत) एफ९पी रिसीव्हर होताच, म्हटलं पकपण काढू, बेस पण हाच आणि बाकीची कामं पण यालाच. आता आरटीकेसाठी क्यूजीसी रिसीव्हर स्वतः उघडतं आणि त्याचं सेटिंग बदलतं, म्हणजे जीपीएसडीशी भांडण ठरलेलं. पण एफ९पीला यूएसबी आणि यूआर्ट (साधा सिरियल पोर्ट) वेगवेगळे आहेत, यूएसबी क्यूजीसीला दिला, यूआर्टवर कन्व्हर्टर लावून एनएमईए जीपीएसडीला, जीपीएसडीला बी फ्लॅग लावला म्हणजे तो फक्त वाचेल, स्वतः काही बदलणार नाही. दीड महिना मस्त चाललं, मी मित्रांना फोटो पण पाठवले.

मग एका उसाच्या प्लॉटवर विहिरीजवळ सर्व्हे-इन करून (म्हणजे बेसची जागा पक्की ठरवून) दोन फ्लाईट मारल्या आणि गाडी दुसऱ्या टोकाला नेली, रिसीव्हर टपावर तसाच चालू. दुसरीकडे उतरून बघतो तर नकाशावर मी अजून विहिरीजवळच! ट्रॅकर उसाकडे तोंड करून बसलेला. पाच मिनिटं केबल हलवून झाल्या, मग ट्यूब पेटली. बेस मोडमध्ये रिसीव्हरला आपणच सांगितलेलं असतं की तू इथे घट्ट बसलायस, मग तो तेच को-ऑर्डिनेट सांगत राहतो, त्याची काय चूक. तसंच उडवलं असतं तर करेक्शनपण जुन्या जागेच्या हिशोबाने गेली असती आणि अख्खा सर्व्हे तेवढाच सरकला असता. टेकऑफच्या आधी दिसलं म्हणून बरं.

तेव्हापासून एफ९पी ट्रायपॉडवर, फक्त बेस. पक टपावर, बाकी सगळं त्याच्याकडे.

पकचा रेट १ वरून ५ हर्ट्झ (सेकंदाला पाच वेळा) केला तर चालत्या गाडीतून ट्रॅकरचे झटके बरेच कमी झाले. जीपीएसच्या उंचीवर मात्र विश्वास ठेवू नका. ६ मीटरची चूक ३०० मीटरवर ट्रॅकरच्या कोनात एखादा डिग्री असते पण ३० मीटरवर ११ डिग्री होते, त्यामुळे मी आता ड्रोनची होमपासूनची (टेकऑफच्या जागेपासूनची) उंचीच घेतो. आणि थांबलेल्या गाडीत जीपीएस दिशा सांगत नाही, आकडा नुसता गरगर फिरतो, ट्रॅकरला उत्तर दिशा होकायंत्रानेच द्यायची.

एक वैताग अजून आहे. पकची वायर निघाली की सगळं एकदम बंद, मागच्या महिन्यात पोराचा पाय अडकला आणि ट्रॅकर, ठिपका दोन्ही जागच्या जागी गोठले. ड्रोनचा जीपीएस त्याचा स्वतःचा असतो त्यामुळे तो आरामात परत आला, फक्त व्हिडिओ गेला. परत लावल्यावर पोर्टचा नंबर बदलला होता म्हणून जीपीएसडीला दिसेना, आता कॉन्फिगमध्ये नंबराऐवजी बाय-आयडीचा पाथ (डिव्हाईसच्या ओळखीवरून, न बदलणारा) दिलाय. वायरीला खिडकीच्या दांडीशी गाठ मारलीय आणि जुन्यातला एक पक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, पोरगा त्यालाच "दुकानाची शाखा" म्हणतो.