ॲमस्टरडॅम ते पॅरिस युरोस्टार ट्रेनने गेलो, ५ पैकी ५

मे महिन्यात मी, हे आणि आई (माझ्या सासूबाई, वय ७१) युरोपला जाऊन आलो, मुलगी तिकडेच शिकते. बुकिंग इथे नाशिकमधल्याच एका ट्रॅव्हल एजंटकडे केलेलं, त्याने पॅरिस ते ॲमस्टरडॅम विमानच टाकलं. म्हणाला ताई ४३० किमी तर आहे, सव्वा तासात पोचाल, आणि आम्ही नेटवर बघितलं तर तेच दिसलं मग अजून काय विचारणार.

पण ४३० म्हणजे हवेतलं सरळ रेषेतलं अंतर आणि सव्वा तास म्हणजे नुसता विमानाचा वेळ!! आम्ही सकाळी साडेसहाला हॉटेल सोडलं, बॅगा ओढत गाड्या बदलत चार्ल्स द गॉल एअरपोर्ट, ते गावापासून २५ किमी लांब, मग बॅगांचं वजन, सिक्युरिटीची लाईन, त्यात आईंचे गुडघे दुखतात. १० चं विमान. शिफोलला (ॲमस्टरडॅमचं एअरपोर्ट) उतरल्यावर विमान जमिनीवरच कितीतरी वेळ चालत होतं, पोल्डरबान म्हणून धावपट्टी आहे ती टर्मिनलपासून खूपच लांब पडते. मग बॅगा, मग गावात जायला परत १५ मिनिटं ट्रेन. हॉटेलात पावणेएक. म्हणजे सव्वासहा तास झाले की हो!

येताना मुलीने युरोस्टारची तिकिटं काढली, आधी हीच लाल गाडी थॅलिस नावाने धावायची. ॲमस्टरडॅम सेंट्रलला बसायचं, पॅरिसला गार द्यू नॉरला उतरायचं, दोन्ही स्टेशनं भर गावात, वेळ साधारण ३ तास २० मिनिटं. आपली पंचवटी नाशिकरोडहून मुंबईला जवळपास तेवढाच वेळ घेते आणि ते अंतर १९० किमीसुद्धा नाही, इथे रस्त्याने धरलं तर ५०० किमी होतात. ब्रसेल्स सोडलं की स्पीड ताशी ३०० पर्यंत जातो, पण चहा हलत नाही.

बॅगांचं वजन कुणी करत नाही, पण चढवायच्या आपल्यालाच, त्यामुळे जड बॅग नेऊ नका. दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसात सीमेवर पासपोर्ट तपासणी न ठेवणारे युरोपातले देश) म्हणून इमिग्रेशनची लाईन नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवाच. लंडनच्या युरोस्टारला मात्र वेगळं, तिथे पासपोर्ट, बॅगा सगळं चेक होतं आणि यूकेचा व्हिसा वेगळा लागतो, ते यात धरू नका. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त मिळतं, एजंट विमान म्हणाला तरी ट्रेनचं विचाराच, विशेषतः घरातलं म्हातारं माणूस सोबत असेल तर.

अँटवर्प गेल्यावर आईंनी डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पॅरिस येईपर्यंत त्या खिडकीपासून हलल्या नाहीत.