रस्त्यावर थांबून काम करणाऱ्यांच्या सेफ्टीचं ड्रायव्हर सेशन: प्रात्यक्षिक एक नंबर, भाषणं आवरा

आमच्या ड्रायव्हर मंडळींसाठी हे सेशन बुक केलं होतं. पाचपैकी चार स्टार देतोय, आणि पाचवा कुठे गेला तेही सांगतो. विषय म्हटलं तर साधा आहे, बंद पडलेल्या गाडीखाली वाकून हुक लावणारा टोइंगवाला, चेपलेल्या गाडीतून माणूस काढणारे फायर ब्रिगेडवाले, अॅम्ब्युलन्सचा स्टाफ, हायवे पोलीस, ही सगळी माणसं धावत्या ट्रॅफिकच्या हातभर अंतरावर काम करतात, बऱ्याचदा ट्रॅफिककडे पाठ करून, आणि मागून येणाऱ्याने अशा वेळी नक्की काय करायचं हे गाडी शिकताना धड कुणी सांगतच नाही. आपल्याला फक्त सायरन वाजला की बाजूला व्हायचं एवढंच माहीत, पण थांबलेल्या अॅम्ब्युलन्सला कुठे सायरन असतो?

सेशन घेणारे दोघंही फील्डवरचे, एक दादा टोइंगचं काम करणारे आणि एक ताई अॅम्ब्युलन्सवर असणाऱ्या, त्यामुळे पुस्तकी काही वाटलं नाही. सुरुवातीला थोडं गणित झालं. ताशी 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर असेच गेले, पुढे कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असतील तरी थांबायला अजून 35 च्या आसपास लागतात, म्हणजे झाले जवळपास 70, आणि लो बीमचा उजेड बहुतेक गाड्यांचा तेवढा लांब जातच नाही. म्हणजे माणूस दिसला की ब्रेक मारू हा हिशोबच बसत नाही, लांबून ब्लिंकर दिसले की तेव्हाच स्पीड उतरवायचा, आरसा बघून इंडिकेटर देऊन एक लेन सोडायची, आणि लेन सोडायला जागा नसेल तर निदान अगदी हळू जायचं. शेवटच्या क्षणी कट मारला तर आपण वाचतो पण आपल्या मागे चिकटून आलेल्याला काहीच दिसलेलं नसतं, हा मुद्दा आमच्यातल्या कुणी आधी डोक्यातच घेतला नव्हता.

पण खरे पैसे वसूल झाले ते मैदानातल्या प्रात्यक्षिकात. अंधारात एक गाडी हझार्ड लावून उभी केली आणि ड्रायव्हर लोकांना लांब दुसऱ्या गाडीत लो बीम लावून बसवलं. आधी टोइंगवाले दादा नवीन रिफ्लेक्टर जॅकेट घालून उभे राहिले, पट्ट्या अशा चमकल्या की विचारूच नका. मग त्यांनी तेच जॅकेट काढून रोजच्या कामातलं, ग्रीस आणि धुळीने माखलेलं घातलं, आणि निम्म्या लोकांना माणूस नुसता सावलीसारखा दिसला. त्यानंतर टोइंगच्या गाडीवरचे सगळे फ्लॅशर फुल लावले. आमचा सगळ्यात सिनियर ड्रायव्हर आतून ओरडला, "अहो साहेब, माणूस गेला कुठे?" माणूस कुठेच गेला नव्हता, फ्लॅशरच्या शेजारी दोन पावलांवर उभा होता आणि त्या चकाकीत पार पुसून गेला होता. मी स्वतः आत बसून बघितलं म्हणून सांगतो, नुसतं ऐकून हे पटत नाही.

नव्या आणि मळक्या जॅकेटमधल्या फरकाचं कारण त्यांनी छान सोपं करून सांगितलं. जॅकेटचा पोपटी किंवा केशरी कपडा दिवसा उठून दिसतो कारण तो उन्हातले अतिनील किरण घेऊन दिसणारा उजेड बाहेर टाकतो, रात्री हेडलाइटमध्ये त्याचा तसा उपयोग नाही. रात्री काम करते ती चंदेरी पट्टी, तिच्यात काचेचे बारीक मणी असतात आणि ते उजेड आला तिकडेच परत पाठवतात, पण मण्यांवर चिखल बसला की खेळ खलास. मनगटावर आणि घोट्यावर पट्टी असेल तर हलणारे हातपाय बघून हा माणूस आहे हे लांबूनच कळतं, छातीवरची एकटी पट्टी काय, बोर्ड पण असू शकते. अशा जॅकेटचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 20471, त्यात सगळ्यात वरच्या क्लास 3 साठी 0.80 चौरस मीटर चमकदार कपडा आणि 0.20 चौरस मीटर पट्टी लागते, आणि नुसतं बिनबाह्यांचं जाकीट त्यात बसतच नाही. आमच्या गाड्यांमध्ये नेमकी तीच बिनबाह्यांची ठेवलेली आहेत, आता बदलणार.

आता कटलेला स्टार. मधला भाग फार ताणलाय. स्लाइडवर स्लाइड, त्यावर रडके फोटो, आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून शपथ घ्यायची आणि ग्रुप फोटो. शपथेने स्पीड कमी होत असता तर अजून काय हवं होतं! त्यापेक्षा लोकांनी मागे लागून नियम कसे बदलून घेतले तो भाग जास्त वेळ घ्यायला हवा होता, तो पाच मिनिटांत गुंडाळला. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात 1994 मध्ये अपघाताच्या जागी काम करणाऱ्या एका पॅरामेडिकला गाडीने उडवलं आणि वर रिपोर्टमध्ये दोषी त्यालाच धरलं, तो बरा झाल्यावर मागेच लागला आणि 1996 मध्ये तिथे बाजूला सरकून जायचा कायदा झाला, 2012 पर्यंत तो पन्नासच्या पन्नास राज्यांत पोचला. टोइंगवाल्यांना मात्र बऱ्याच राज्यांत सुरुवातीला यात धरलंच नव्हतं, त्यांना नंतर वेगळं भांडावं लागलं, हे सांगताना दादांचा आवाज चढला आणि ते बरोबरच आहे. स्पेनने तर 1 जानेवारी 2026 पासून बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोण बंद करून टपावर ठेवायचा चुंबकवाला लाइट सक्तीचा केला, कारण त्रिकोण ठेवायला रस्त्यावर चालत गेलेलीच माणसं मरत होती. असं काही ऐकलं की ड्रायव्हर लोक आपणहून प्रश्न विचारतात, शपथेच्या वेळी सगळे मोबाइलमध्ये होते.

एक सूचना अजून, जर्मनीसारखी ट्रॅफिक तुंबायला लागल्याबरोबर अॅम्ब्युलन्ससारख्या गाड्यांसाठी मधे वाट मोकळी ठेवायची सवय त्यांनी चित्र काढून दाखवली, ती मैदानात आमच्याच गाड्या लावून करून घेतली असती तर जास्त डोक्यात बसली असती.

बुक करणार असाल तर दिवसाचं छोटं सेशन घेऊ नका, त्यात जॅकेटचं प्रात्यक्षिक होत नाही आणि उरतात त्या स्लाइड. रात्रीचंच मागा, आणि मैदानाचे फ्लडलाइट बंद करता येतात का ते आधी विचारून ठेवा, आमच्याकडे स्विचची किल्ली असलेला माणूस शोधण्यातच बराच वेळ गेला.