रुग्णाची चिंता मिटली, सोबतच्याची राहिली: महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा अनुभव

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आमच्या काकांची अँजिओप्लास्टी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, खासगी रुग्णालयात झाली. रुग्णासाठी ही सेवा उत्तम आहे; सोबतच्या माणसाचा मात्र तिने फारसा विचार केलेला नाही. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या या योजनेत पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण मिळे, ते आता 5 लाखांपर्यंत गेले आहे, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेमुळे बाहेर राहणारी कुटुंबेही तीत आली आहेत. कोकणात निवृत्तिवेतनावर जगणारी अशी घरे थोडी नाहीत.

योजनेची सारी भिस्त आरोग्यमित्रावर, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करायला नेमलेल्या माणसावर, असते. आमच्या वाट्याला आलेली आरोग्यमित्र मुलगी कामाला चोख होती. काका राहतात गुहागरकडच्या वाडीत, नाव मात्र चाकरमानी मुलाच्या शिधापत्रिकेवर आणि ते कार्ड डोंबिवलीच्या कपाटात. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन कागदपत्रे मागाहून देता येतात, हे तिने आम्ही विचारण्यापूर्वीच सांगितले. तिच्या आधी प्रवेशाच्या खिडकीवर आमच्याकडे अनामत रक्कम मागितली गेली होती. तिने आत जाऊन दोन वाक्ये बोलल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. योजनेच्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत हा नियम खिडकीवरच्यांना ठाऊक नव्हता, असे मला वाटत नाही.

योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे भाडे आणि घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतची औषधे धरलेली असतात. हे सगळे फक्त रुग्णाचे. काकूंनी जिन्याखाली चटई टाकली. रात्री डोक्यावर ट्यूबलाइट, आणि पहाटे लादी पुसायची म्हणून सुरक्षारक्षक सर्वांना उठवून बाहेर काढी; बाहेर आषाढातला पाऊस. कँटीन रात्री लवकर बंद होई, त्यामुळे थर्मासमधली पेज संपली की गरम पाण्यासाठीसुद्धा रस्त्यापलीकडच्या टपरीवर जावे लागे. संध्याकाळची शेवटची एसटी चुकल्यावर गावाहून डबा घेऊन आलेल्या माणसालाही लॉजशिवाय गत्यंतर नव्हते, आणि त्या लॉजचे भाडे कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना निदान राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असते. आमच्या रुग्णालयाच्या आसपास तसे काहीच नव्हते.

जाणाऱ्यांनी मूळ शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे, पैसे भरण्यापूर्वी आरोग्यमित्राला गाठावे आणि तो जागेवर नसल्यास 155388 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. सोबत जाणाऱ्याने चटई, पांघरूण आणि मोठा थर्मास घरूनच न्यावा.