रोखलेले की रोखत रोखत? देब्यूसीच्या पियानोलेखनातील लयीच्या खुणा

पियानोच्या छापील स्वरलिपीत नुसते 'रिट.' छापलेले असेल, तर रितेनूतो (लगेच रोखा) की रितार्दांदो (हळूहळू मंदावा), हे वादकालाच ठरवावे लागते. फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या फ्रेंच खुणांत बहुतेक वेळा हे शब्दाच्या शेवटावरून कळते. मराठी वाचकाला तर ते चटकन कळावे, कारण 'रोखलेले' आणि 'रोखत' यांतला फरक आपल्या क्रियापदांतही आहेच.

'रतन्यू' म्हणजे रोखलेले. शब्द जिथे छापला आहे तिथूनच लय खाली आणायची. 'आं रतनां' म्हणजे रोखत; इथे उतार हवा. देब्यूसीच्या प्रेल्यूडच्या (छोट्या पियानोरचनांच्या) पहिल्या संग्रहातील (१९१०) 'जवसाच्या रंगाच्या केसांची मुलगी' घ्या. मूळ लय चतुर्थांश स्वराला ६६, म्हणजे मिनिटाला असे ६६ स्वर. शेवटाकडे 'कुजबुजत, आणि हळूहळू रोखत' असे लिहिले आहे. तिथे थेट ५६ वर उडी मारली की वाक्य मधेच तुटते. त्यापेक्षा दर मापाला दोन-तीन अंक सोडत जा.

खरा पेच 'सेदे'चा. शब्दशः 'नमते घ्या'. काही जण ते रालेंतांदो (हळूहळू मंदावत) समजून थांबण्यापर्यंत नेतात, काही जण नवी संथ लय धरतात. आमचे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. देब्यूसी सेदेपुढे तुटक रेषा देतो आणि शेवटी दोन तिरप्या रेघा. तुटक रेषा संपेपर्यंतच नमायचे, तेही ६६ वरून साधारण ६० पर्यंत. तिरप्या रेघांपाशी लय एकदम पूर्ववत. परतणेही हळूहळू केले, तर पुढच्या 'ओ मूव्हमां'ला (मूळ लयीत) काही अर्थच उरत नाही. सराव असा करा: आधी ते माप सेदेविना ६६ ला वाजवा, मग फक्त शेवटच्या दोन मात्रा सैल सोडा.

वेग वाढवतानाही तोच नियम: 'आनिमे' म्हणजे चैतन्य आलेले, 'आं आनिमां' म्हणजे चैतन्य आणत. देब्यूसीच्याच 'क्लेअर द ल्यून'मध्ये माप ३७ ला दुसरा शब्द आहे, म्हणून ४३ व्या मापातल्या 'काल्मातो'पर्यंत (शांत झालेले) वेग हळूहळू चढायला हवा. ३७ लाच झेप घेतली की पुढे जायला जागा उरत नाही. त्याच रचनेत आधी 'पु आ पु' (हळूहळू) सोबत 'आनिमे' येतो. तिथे शब्दाचा शेवट सांगतो त्यापेक्षा 'पु आ पु' महत्त्वाचे, चढ हळूहळूच.

याच रचनेच्या सुरुवातीची 'कोन सोर्दिना' (आवाज दबका करून) ही इटालियन खूणही फसवते. बेथोव्हेनच्या ओपस २७ क्र. २ ('मूनलाइट' सोनाटा) मध्ये 'सेंझा सोर्दिनो' म्हणजे डँपर (तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले, अर्थात उजवे पेडल दाबलेले. ते डोक्यात ठेवून 'कोन सोर्दिना' वाचले, तर उजवे पेडलच सोडून द्यावेसे वाटेल आणि सुरुवात कोरडी पडेल. इथे आवाज मऊ करणारे डावे पेडल अपेक्षित आहे; उजवे स्वरसंगतीप्रमाणे बदलत राहायचे.