सॉनिक पाय सात महिने वापरून: ठेका जमला, भैरव नाही

सॉनिक पाय म्हणजे कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर. दिवाळीच्या सुट्टीत टाइमपास म्हणून टाकलेलं, सात महिने झाले तरी लॅपटॉपवरून उडवलं नाहीये, म्हणजे बघा. फुकट आहे. सॅम अ‍ॅरनने केंब्रिजमध्ये असताना शाळेतल्या पोरांना कोडिंग शिकवायला बनवलं, लिहायचं रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेसारखं आणि आतून आवाज काढतं सुपरकोलायडर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर. मी आधी थेट सुपरकोलायडरलाच हात घातला होता, दोन रविवार गेले आणि एक पिपाणी वाजली.

मी अडकलो ते तबल्यामुळे. ना, तुन, घे, के, रे असे सुटे बोल आतच दिलेत पण धा नाही! म्हटलं विसरले की काय, मग ट्यूब पेटली, अहो धा म्हणजे ना आणि घे एकत्र. दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या, मध्ये स्लीप (थांबायची आज्ञा) टाकायचं नाही, झाला धा. लहानपणी क्लासला हात आपोआप जायचा, विचार कधी केलाच नव्हता. तीनतालात दहाव्या ते तेराव्या मात्रेचे घे उडवले की खाली, म्हणजे तालाचा बिनटाळीचा भाग, लगेच कानाला कळते, आणि डेन्सिटी 2 लिहिलं की तेवढ्याच वेळात तोच ठेका दोनदा, सरळ दुगुन. कोड चालायला लागलेला वेळ स्लीपमधून वजा होतो, त्यामुळे तासभर चालू ठेवा, सम (तालाची पहिली मात्रा) सरकत नाही.

सुरांचं मात्र बोलू नका. भैरव, तोडी, मारवा नावाच्या स्केल्स आहेत खऱ्या, पण सात सूर सरळ वर सरळ खाली, शिडीसारखे. भैरवातल्या रे ला आंदोलन, म्हणजे सावकाश झुलणं, हवं तर नोट स्लाइड लावून कंट्रोलने सूर ओढत बसा, एका रे साठी सहा ओळी! आणि रॅन्डम लावलं की रोज नवीन उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचल्यासारखी सुरावट, येईल असं वाटतं, पण सीड (रॅन्डम कुठून सुरू होणार ते ठरवणारा आकडा) बदलला नाही तर रोज तेच तुकडे.

पाडव्याला सोसायटीत प्रोजेक्टर लावून लाइव्ह वाजवलं. घाईत माझ्याच हातून स्लीपच्या ओळी उडाल्या, लूप (परत परत वाजणारा कोडचा तुकडा) झोपलाच नाही म्हणून एरर आला आणि तबला गायब, मागचा षड्ज आपला चालूच. पुढच्या रांगेतले काका म्हणाले, "तबलजी चहाला गेला का रे?"

सध्या झपताल चाललाय. तुन आणि घे मिळून धी काही मनासारखा येत नाहीये, घे चे आठ सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) आहेत, पाचव्यापर्यंत आलोय.