मिरर लेक आधी की डेड गर्ल्स?

भाचीला सतरावं लागलं. ती न्यू जर्सीत असते. वाढदिवसाला काय पाठवू विचारलं तर उत्तर आलं, "मामा, उन्हाळी कॅम्पवालं हॉरर पाठव, पण काळी मुलगी पहिल्या वीस पानांत मरणार नाही असं." तिची जिवलग मैत्रीण काळी आहे, दोघी मिळून भयकथा वाचतात आणि या एका गोष्टीवर दोघींचाही राग आहे. तो रास्तच म्हणायचा. तळं, लाकडी खोल्या, रात्र आणि कुऱ्हाड हा सगळा मसाला ज्या सिनेमाने घरोघरी पोचवला, त्या १९८० च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधली पोरं सगळी गोरी. पुढे काळी पात्रं आली ती बहुधा आधी मरायलाच. (त्या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण न्यू जर्सीतल्याच एका स्काउट कॅम्पवर झालं. हे मी भाचीला सांगितलं नाही. ताईने मला फाडून खाल्लं असतं.)

शोधता शोधता गाडी दोन पुस्तकांवर येऊन थांबली. केलिन बेरॉनचं 'यू आर नॉट सपोज्ड टू डाय टुनाइट' २०२३ चं, आणि सॅमी एलिसची पहिलीच कादंबरी 'डेड गर्ल्स वॉकिंग' २०२४ ची. दोन्हीकडे कॅम्प, दोन्हीकडे काळी नायिका आणि दोन्हीकडे मुलींचं मुलींवर प्रेम. रक्तही दोन्हीकडे भरपूर, त्यामुळे सातवी-आठवीतल्या पोरांसाठी चाळत असाल तर राहू द्या. पाठवण्याआधी दोन्ही वाचून काढली. मामाची जबाबदारी, दुसरं काय.

पहिल्याला मी मिरर लेक म्हणतो, कारण पूर्ण नाव घेईपर्यंत चहा निवतो. मिरर लेक हा कॅम्प म्हणजे धंदा आहे. एका जुन्या गाजलेल्या स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारत सुटतो अशा, सिनेमातले प्रसंग तिथे गिऱ्हाइकांसाठी जिवंत करतात. माणसं पैसे मोजून घाबरायला येतात, आणि चॅरिटीची सुट्टीतली नोकरी म्हणजे 'फायनल गर्ल', शेवटपर्यंत जगणारी ती एक मुलगी. हंगामाच्या शेवटच्या वीकेंडला तिचे सहकारी एकेक करून दिसेनासे होतात. मला हे फार आवडलं, कारण असल्या हंगामी नोकरीत माणूस न सांगता गायब झाला तर कोणी दचकत नाही. आपण म्हणतो, कंटाळला असेल, गेला असेल घरी. भीती इथे अशी मागच्या दाराने येते. आधी कामाची खोळंबा-खोळंबी होते आणि मग प्रेत सापडतं.

चॅरिटीबद्दल आणखी एक. घाबरवणं हे तिचं काम असल्यामुळे भीतीची यंत्रणा तिला आतून माहीत आहे. किंकाळी कधी मारायची, कुठल्या दारातून पळायचं, गिऱ्हाईक कुठे फसतं. नाटक कंपनीतला माणूस जसा पडद्यामागच्या दोऱ्या ओळखून असतो तसं. खरा खुनी आल्यावर हे ज्ञान कामी येतं का, हे मी सांगणार नाही.

आता डेड गर्ल्स. कल्पनेच्या जोरावर बघाल तर हे पुस्तक वरचढ आहे, हे मान्य करून टाकतो. टेंपल बेकरचा बाप वीस खुनांसाठी दोषी ठरलेला, फाशीची वाट बघत तुरुंगात बसलेला. आईला मात्र त्याने मारलं नसावं असं ती धरून चालली होती. तुरुंगातून तो त्याचीही कबुली देतो आणि ही पोर आईचं प्रेत शोधायला घराकडे परतते. तर घराचं काय झालंय? बापाच्या त्या शेतावर भयकथांचं वेड असलेल्या क्वीअर, म्हणजे समलिंगी वगैरे, मुलींसाठी निवासी कॅम्प निघालाय. टेंपल खरी ओळख लपवून तिथे पोरींना सांभाळणारी ताई म्हणून शिरते.

ही जागा जरा थांबून वाचावी अशी आहे. ज्या रानात हिचं बालपण गेलं, तिथे दुसऱ्यांच्या लेकी मजेने शहारायला आल्यात. तिच्या बापाच्या गुन्ह्यांवर त्या रात्री जागून गप्पा मारतात, आणि ही शेजारी बसून ऐकते. आपल्या घरच्या सुतकाला कोणी तिकीट लावावं, तसं. मिरर लेकमध्ये या तोडीचं काही नाही. शिवाय टेंपल गोड मुलगी नाही. ती तुसडी आहे, चटकन हात उगारेल अशी. मला ती चॅरिटीपेक्षा खरी वाटली.

मग अडलं कुठे? नावांपाशी.

कॅम्प म्हटला की पोरी आल्याच, पण इथे त्या इतक्या आहेत आणि इतक्या भराभर येतात की मला चक्क चकवा लागला. कोकणात रात्री रानात माणूस तेच तेच झाड पुन्हा बघतो ना, तसा मी त्याच त्या नावावर फिरून येत होतो. ही कोण? मघाशी हसली ती? की खोली झाडायला नाही म्हणाली ती? कागदी पुस्तक असतं तर चार पानं मागे चाळली असती. मी किंडलवर वाचत होतो, रात्री साडेअकराला, डोळ्यांवर झापड. शेवटी वीजबिलाच्या पाठीमागे नावं लिहायला घेतली. नाव, त्यापुढे एक खूण: चिडकी, रडकी, नवी. बिलाची मागची बाजू भरत आल्यावर लक्षात आलं की एक पोर मी दोनदा लिहिली होती.

तुम्ही म्हणाल, एवढंसं ते काय. पण भयकथेत ते एवढंसं राहत नाही हो. या कथेत माणसं मरतात, आणि मरणाऱ्या माणसाची ओळख पटल्याशिवाय पोटात गोळा येत नाही. एक मुलगी रानात मेलेली सापडते तेव्हा माझ्या छातीत धस्स व्हायला हवं होतं. मी मात्र उठून दिवा लावला आणि वीजबिल शोधू लागलो. यादीत तिच्या नावापुढे खूण केली आणि परत पांघरुणात शिरलो, तोवर भीती कधीच निघून गेली होती.

मिरर लेकमध्ये हा ताप नाही. तिथली टोळी आटोपशीर, आणि मधोमध चॅरिटी आणि तिची प्रेयसी बेझी. ओळखीच्या माणसांतलं एक कमी झालं की जागा रिकामी दिसते. पुस्तकही लहानसं आहे, दोन रात्रींत हातावेगळं होतं.

दोष तिथेही आहेतच. निम्मं पुस्तक तयारीत जातं आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. तळ्याचा रक्ताळलेला जुना इतिहास शेवटी शेवटी घाईने उलगडतो, पाहुणे दारात आल्यावर पसारा कपाटात कोंबावा तसा. शेवटावर तर वाचकांत सरळ दोन तट पडतील. मी चडफडलो, पण पुस्तक मिटल्यावर त्याच शेवटाचा दुसऱ्या दिवशी बसमध्ये विचार करत होतो, हेही खरं.

तेव्हा ज्यांना नावं पटकन लक्षात राहतात, किंवा खून, तुरुंग, तपास असले पॉडकास्ट जे रोज ऐकतात, त्यांनी डेड गर्ल्स आधी घ्यायला हरकत नाही, आणि शक्यतो कागदी घ्या. माझं वय झालं असेल, वाचायची वेळ चुकली असेल, सगळं कबूल. पण वाढदिवसाला एकच पाठवायचं होतं आणि मी मिरर लेक पाठवलं.

भाचीने ते दोन रात्रींत संपवलं. शेवटावर तिचा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. त्यातले काही शब्द ताईने ऐकू नयेत. मग खाली एक ओळ: "दुसरं पण पाठव."

पाठवतोय. सोबत वीजबिलाच्या पाठीचा फोटोही.